लेकीच्या घरचं पाणी

वुल्गूल्गा
११ ऑगस्ट २०२३

भुआजी, सत श्री अकाल.

एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. म्हणून तर पत्र लिहायला बसले. फोनच केला असता, पण तुमच्या कानांनी फोनशी बोलणं टाकलंय.

गेल्या आठवड्यात युनिव्हर्सिटीत मला माझ्या प्रबंधाबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं होतं. विषय असा, की ऑस्ट्रेलियातल्या आपल्यासारख्या घरांमध्ये मुलगे जास्त आणि मुली कमी का जन्मतात. पहिल्या बाळाच्या वेळी सगळं ठीक असतं. पण आधी दोन मुली असल्या, की तिसऱ्या खेपेला मुलग्यांचा आकडा असा वर जातो की ते निसर्गाचं काम आहे असं कुणी म्हणणार नाही. मी तक्ते दाखवले, आलेख दाखवले. मग मागच्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापक बाईंनी विचारलं, "हे समजलं. पण इथे म्हातारपणी सरकार पेन्शन देतं. हुंडा नाही. तुमच्या बायका ट्रॅक्टर चालवतात. मग मुलगा कशासाठी हवा?"

मी "मला माहीत नाही," म्हणाले आणि खाली बसले.

घरातली पहिली पदवीधर मी. डॅडींनी माझा पदवीचा फोटो पॅकिंग शेडमध्ये वजनकाट्याच्या वर लावलाय. ब्लूबेरी मोजताना प्रत्येकाला आधी मी दिसते, मग वजन. आणि मला माझ्याच घरातला प्रश्न सुटत नाही.

घरातला म्हणते, कारण रमणीकभाभीला तिसऱ्यांदा दिवस गेलेत. सातवा आठवडा आहे. तिच्या दोघी मुलींना, असीस आणि सिदकला, अजून सांगितलेलं नाही. मम्मी मात्र आत्तापासूनच दहाव्या आठवड्यातल्या रक्ततपासणीचं बोलायला लागलीय. मी म्हटलं, "घाई कशाला?" तर म्हणे, "हल्ली सगळेच करतात. बाळाची तब्येत कळते."

"तब्येतच कळते, की अजून काही?"

"एवढी फी भरली युनिव्हर्सिटीला," मम्मी म्हणाली, "त्यात तुझ्या तोंडाला एक कुलूप बसवून दिलं असतं तर काय बिघडलं असतं त्यांचं?"

भाभी हसली. तुमचा भाचा तेगबीर, माझा वीरजी, चहा अर्धा टाकून ब्लूबेरीवरच्या जाळ्या बघायला गेला. पक्ष्यांनी या वर्षी जाळ्यांची चाळण केलीय.

तर भुआजी, मुलगा का हवा असतो? तुम्ही डॅडींच्या मोठ्या बहीण, पंजाबातलंही पाहिलंय आणि इथलंही. मला पुस्तकातलं नको, तुमचं हवंय.

तुमची,
जपनीत

*

इनिसफेल
२३ ऑगस्ट

जपनीत पुत्तर, जुग जुग जग.

तुझं पत्र राखेसकट आलं. शेजारच्या रोझाने ऊस पेटवला होता. पेटीतून काढून घरात आणेपर्यंत पाकीट काळं झालं.

आता ऐक. आपल्या गावी मुलगा हवा असायचा तो जमिनीसाठी. नांगर धरायला मुलगा, वाटणीत उभं राहायला मुलगा, कुणी बांध सरकवला तर काठी घेऊन जायला मुलगा. मुलगी वाढवायची ती दुसऱ्याच्या घरासाठी. मी चौथी मुलगी. मी जन्मले त्या दिवशी दाराला काही बांधलं नाही, आणि सुईण गूळ न घेता निघून गेली. तेरा वर्षांनी तुझा बाप आला. तेव्हा शिरीषाच्या पानांचं एवढं मोठं तोरण लागलं, की खाली लोंबणारी पानं बकरीने खाल्ली आणि तिला कुणी हाकललं नाही. ते तोरण मीच बांधलं होतं, माचीवर चढून. आनंदाने बांधलं, खोटं कशाला सांगू.

पण हे सगळं तिथलं. इथे कुठला बांध आणि कुठली काठी? मला एकच मुलगी झाली. आमच्या यांनी, तुझ्या फुफ्फडजींनी, कधी तोंड वाकडं केलं नाही, मीही केलं नाही. तुझ्या बाईंना सांग, कारण आता उरलेलंच नाही, नुसती सवय उरलीय. सवयीला हळूहळू गंज चढतो.

दीपी बरी आहे. महिन्यातून एकदा पिकअप घेऊन तिच्याकडे टाउन्सव्हिलला जाते. डबा माझा, पाणी माझं. मागे एकदा बाटली घरीच विसरले आणि तिच्याकडचं पेलाभर पाणी घ्यावं लागलं, तर पेल्याखाली दोन डॉलरचं नाणं ठेवून आले. दीपी भांडली. जावई म्हणाला, "मम्मीजी, दोन डॉलरात आमच्याकडे बर्फसुद्धा घालून देतात." चांगला आहे पोरगा. दोघंही म्हणतात, आता इथेच राहा. मी म्हणते, लेकीच्या घरचं अन्नपाणी आपल्यात चालत नाही, विषय संपला. दिवस मावळायच्या आत घरी परत. इथे मी आणि माझे बेडूक मजेत आहोत.

रमणीकला सांग, आंबट खावंसं वाटलं तर खुशाल खा. आणि आईशी भांडू नकोस. तिला भीती वाटली की ती रागावते, हे मी तिच्या लग्नापासून बघतेय.

तुझी भुआ,
बचिंत कौर

*

वुल्गूल्गा
१२ सप्टेंबर

भुआजी,

मुलगी आहे.

तपासणीचा निकाल शुक्रवारी आला. बाळ धडधाकट आहे. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, "मुलगा की मुलगी, तेही सांगू का?" भाभी काही बोलायच्या आत मम्मी म्हणाली, "सांगा ना." इथे त्याला बंदी नाही. मुलीने हसत हसत सांगितलं, अभिनंदनही केलं. आम्ही गाडीत बसून घरी आलो.

ओरडाआरडा झाला असता तर बरं झालं असतं, मला ओरडता येतं. मम्मी रडली. चुन्नी तोंडात धरून, आवाज न करता, आणि दोन्ही हातांनी सिदकची वेणी घालत होती. मम्मीचा दोन्ही नातींवर किती जीव आहे ते तुम्हाला माहीत आहे. सिदक म्हणाली, "दादी, वेणी ओली होतेय."

आता पाच ऑक्टोबरची, गुरुवारची, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांची वेळ घेतली आहे, कॉफ्सच्या एका दवाखान्यात. घरात त्याला कुणी नाव देत नाही. 'गुरुवार' म्हणतात. कारण विचारलं तर सांगायचं, दोन मुलं पुरे आहेत आम्हाला. वेळ वीरजीने घेतली. मी त्याला म्हटलं, "तुला लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "वाटते. तुला काय वाटलं?" आणि पुन्हा जाळ्यांकडे गेला. एवढं भोक कुठल्याच जाळीला नसेल.

मग मी एक मूर्खपणा केला. माझा आलेख घेऊन भाभीच्या खोलीत गेले. तिसऱ्या खेपेचे आकडे, वर गेलेली रेघ, सगळं दाखवलं. म्हटलं, "हे असं होत आलंय भाभी, म्हणून तू हे करू नकोस." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने कागद हातात घेतला, नीट बघितला.

"यातला मी कुठला ठिपका?" तिने विचारलं.

 कागद तिने घडी घातलेल्या टॉवेलांवर ठेवला, जसा काही तोही कपाटातच जाणार होता.

मम्मीशी मात्र भांडले. तुम्ही नको म्हणाला होतात तरी. भांडणात मम्मी एक गोष्ट बोलली, ती मी इथे लिहीत नाही. तिचा अर्थ तसा नव्हता.

जपनीत

*

इनिसफेल
१८ सप्टेंबर

पुत्तर,

दोन दिवस पत्र उशाशी ठेवलं होतं. आज लिहिते.

तुझ्या आईला माझं उदाहरण दे. सांग तिला, बचिंतला मुलगा नाही, एकच लेक आहे, तरी बचिंत राणीसारखी राहते. स्वतःचं घर, स्वतःची गाडी, कुणाच्या तोंडाकडे बघायला लागत नाही. पंच्याहत्तरी झाली, काय कमी आहे मला? मुलगा असता तर सुनेच्या हातचा चहा प्यावा लागला असता. तो कसा असता देव जाणे.

हे तिला नीट समजावून सांग. माझं नाव घेऊन सांग. ती मला मानते.

आणि ती काय बोलली ते लिही. लोक माझ्यासमोर बोलतात तेही मला ऐकू येत नाही. निदान वाचू तरी दे.

बचिंत

*

वुल्गूल्गा
२२ सप्टेंबर

भुआजी,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता लवकर पोचणाऱ्या टपालाने पाठवतेय, म्हणजे परत घेता येणार नाही.

तुमचं उदाहरण द्यायची गरज नाही. मम्मीकडे ते आधीपासूनच आहे.

दोन वर्षांपूर्वी दीपीदीदीच्या नव्या घरी गुरबाणीचा पाठ होता, आठवतं ना? आपण सगळे गेलो होतो. अरदास झाली, लंगर बसला, डॅडींनी दोन वेळा खीर मागून घेतली. तुम्ही म्हणालात, "माझं जेवण झालंय." थोड्या वेळाने मम्मी गाडीतून सिदकची दुधाची बाटली आणायला बाहेर आली. रस्त्याच्या पलीकडे तुमची पिकअप उभी होती. काचा वर होत्या. तुम्ही आत बसून मांडीवर डबा घेऊन जेवत होतात. घरातून सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं. मम्मी झाडामागे थांबली, तुमचं जेवण होईपर्यंत. तुम्ही बाटलीतल्या पाण्याने काचेबाहेर हात धुतलात, ओठ पुसलेत, आरशात चुन्नी नीट केलीत आणि हसत हसत आत आलात. मम्मीने हे भांडणाच्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नाही. डॅडींनासुद्धा नाही.

भांडणात मी तिला म्हटलं होतं, "मुलींनी काय कमी केलंय कुणाचं?" तेव्हा ती म्हणाली, "भुआजींना जाऊन विचार. लेकीच्या दारात गाडीत बसून जेवतात त्या. मला माझ्या तेगबीरला म्हातारपणी तसं बघायचं नाही."

मी म्हटलं, वीरजी इथे वाढलाय, तो असले नियम पाळणार नाही. मम्मी म्हणाली, "असं तुला वाटतं. जा, तुझ्या डॅडींना विचार, म्हातारपणी ते तुझ्याकडे राहतील का."

मी गेले. डॅडी ट्रे धूत होते. मी विचारलं. ते हसले. "मुलीकडे?" म्हणाले. एवढंच. रागाने नाही हो, मी गंमत केल्यासारखं हसले. मग माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि पुढचा ट्रे घेतला. भाभी पलीकडे डब्यांवर लेबलं चिकटवत होती. तिने सगळं ऐकलं. तिचा हात थांबला नाही.

भुआजी, मी हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं. आता वाटतंय, नसतं लिहिलं तर बरं झालं असतं.

तुमची जपनीत

*

टाउन्सव्हिल
२८ सप्टेंबर

पुत्तर जपनीत,

वर गावाचं नाव वाचलंस ना? दीपीच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

तुझं पत्र सोमवारी आलं. ओट्यावर बसून वाचलं, मग आत जाऊन वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं त्या दिवशी कुणी बघितलं नाही. झाडाच्या सावलीत गाडी लावली होती मी, मुद्दाम.

तुला एक सांगते. माझी सगळ्यात मोठी बहीण शेजारच्या तालुक्यात दिली होती. आमचा बाप तिला भेटायला आठ मैल चालत जायचा. जेठ महिन्याच्या उन्हात जायचा, आणि तिच्या गावच्या शिवेच्या अलीकडे दुसऱ्या गावची विहीर होती तिथे पोटभर पाणी पिऊन घ्यायचा, मग तिच्या गावात शिरायचा. तिची सासू लस्सीचा पेला घेऊन उभी राहायची, आणि हा हात जोडायचा. एकदा मी बरोबर होते. परत येताना मी विचारलं, "बापूजी, तहान लागली होती तर प्यायलात का नाही?" तो म्हणाला, "मी तिथून काही घेतलं, तर ते तिला कधीतरी ऐकवतील." मला तेव्हा वाटलं, लेकीवर एवढं प्रेम कुणी केलं नसेल. अजूनही वाटतं. मी दीपीच्या घरचं पाणी पीत नव्हते ते याच प्रेमाने. तिला कुणी काही ऐकवू नये म्हणून. इथे ऐकवणारं कोण आहे, हा विचार मी केलाच नाही.

तर मंगळवारी पिकअप काढली. डबा घेतला नाही. रस्त्यात दोनदा वाटलं परत फिरावं. एकदा फिरलेही, पेट्रोल पंपापर्यंत. मग पुन्हा वळले.

दीपीने दार उघडलं, माझे हात रिकामे बघितले आणि घाबरली. "मम्मी, काय झालं? कुणी गेलं का?" मी म्हटलं, "भूक लागलीय." ती तशीच उभी. "काय आहे घरात?" मी विचारलं. म्हणाली, "कढी आहे, कालची. थांब, ताजं करते." मी म्हटलं, "कालचीच दे."

पुत्तर, पहिला घास गिळेना. कढी-भात तो, चावायचंही काही नाही त्यात. जावई समोर बसला होता. तो उठला आणि बागेला पाणी घालायला गेला. बाहेर धो धो पाऊस पडत होता. दीपी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मम्मी, माहीत आहे का, इतकी वर्षं तू डबा उघडलास की मला वाटायचं, हिने मला देऊनच टाकलंय." मी म्हटलं, "मला नीट ऐकू आलं नाही." ऐकू आलं होतं. मग जेवले. दोनदा भात घेतला.

तुझ्या बाईंना सांग, मी मागे चुकीचं लिहिलं होतं. नुसती सवय नव्हती ती. पेन्शन बँकेत येतं. पण म्हातारपणी कुणाच्या ताटावर बसायचं हे पेन्शन सांगत नाही. ते आम्ही ठरवून टाकलं होतं, मुलाच्या. आणि ज्याला मुलगा नाही त्याचं काय होतं, ते तुझ्या आईला मी दाखवलं. एक शब्द न बोलता, गाडीत बसून.

आता खरं ऐक. मला मोकळं वाटलं नाही. चोरून खाल्ल्यासारखं वाटलं. रात्रभर बापाचे जोडलेले हात डोळ्यांसमोर होते. आज तिसरा दिवस आहे, अजून चहा घेताना पेला जड लागतो. म्हणून तुझ्या आईला आणि तुझ्या बापाला, गुरमेललाही, यातलं काही सांगू नकोस. गुरमेल म्हणेल, बहिणीने बापाचं नाव घालवलं. मला हे एकटीला पचवू दे. पत्र वाचून झालं की फाडून टाक.

रमणीकला पुन्हा तुझे कागद दाखवू नकोस. पोट तिचं आहे. तिला एकदा विचार, तुला काय हवंय. आणि विचारून गप्प बस. तुला ते जमत नाही, पण प्रयत्न कर.

तुझी भुआ

*

वुल्गूल्गा
५ ऑक्टोबर, गुरुवार

भुआजी, सत श्री अकाल.

आज सकाळी सात वाजता भाभी पॅकिंग शेडमध्ये आली. एप्रन बांधला, जाळीची टोपी घातली आणि कामाला लागली. दहा वाजून वीस मिनिटांनी ती एका नव्या मुलाला झापत होती, की डबीत वरून मोठ्या आणि खाली बारक्या बेरी भरायच्या नसतात, इथे फसवाफसवी चालत नाही. मी घड्याळाकडे बघत होते. वीरजीही बघत होता. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघंही ट्रे उचलायला वाकलो. एकाच ट्रेला.

दवाखान्याला तिने काल स्वतःच फोन करून कळवलं.

तुम्ही सांगितलं तसं मी तिला विचारलं होतं. मंगळवारी सकाळी, पत्र आल्याआल्या, ती डबे भरत असताना. "भाभी, तुला काय हवंय?" आणि गप्प बसले.  दोन डबे भरून झाले. मग ती म्हणाली, "मला ही हवी आहे. पहिल्या दिवसापासून हवी आहे. पण मम्मीजी आवाज न करता रडतात ते मला बघवत नाही. ओरडल्या असत्या तर मी ऐकलंच नसतं त्यांचं." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि खरंच, तेगबीरचं काय होईल, हे मलाही वाटतं गं. तुला नाही वाटत?"

मम्मी बदललीय असं मी लिहिणार नाही. काल संध्याकाळीसुद्धा भाजी चिरताना म्हणाली, "मुलगा झाला असता तर बरं झालं असतं, हे मी म्हणणार. मरेपर्यंत म्हणणार. कुणी मला अडवायचं नाही." पण भाभीच्या ताटात तूप तिनेच वाढलं, आणि पुढच्या तपासणीला आपण बरोबर येणार असं सांगून टाकलं. या वेळी तोंड बंद ठेवणार म्हणे. भाभी म्हणाली, "मम्मीजी, जपनीतला मिळालं नाही ते कुलूप तुम्हालाच बसवून घेऊ." मम्मीला हसू आवरेना. मग ती हसली त्याचाच तिला राग आला.

डॅडी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज जेवणाच्या सुट्टीत वजनकाट्याशी आले, माझ्या फोटोखाली उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घर घेशील तेव्हा जिना नसलेलं बघ. माझे गुडघे आत्ताच दुखतात." मी म्हटलं, "बरं." ते म्हणाले, "येईनच असं नाही. पण जिना नको." आणि फोर्कलिफ्टवर जाऊन बसले.

मंगळवार ते गुरुवार एवढ्यात हे कसं झालं, असं तुम्ही विचाराल. तुमच्या लक्षात आलंही असेल.

प्रबंधात मी तुमच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. त्या बाईंच्या प्रश्नाखाली मी एवढंच लिहिलंय, की याचं उत्तर आकड्यांत सापडलं नाही. तुमची गोष्ट बाहेर जाणार नाही. पण घरात लपून राहिली नाही, भुआजी.

तुमचं पत्र मंगळवारी सकाळी आलं. वाचलं, भाभीला विचारलं, आणि दुपारी तुम्ही सांगितलं तसं फाडायला घेतलं. वरच्या कडेला बोटभर फाडलंही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मम्मीच्या लाटण्याचा आवाज आला, आणि मला भाभीचं सकाळचं बोलणं आठवलं. त्या घरात तीन माणसं एकमेकांवरच्या मायेपोटी गुरुवारची वाट बघत होती, आणि ज्या गाडीला ती घाबरत होती ती गाडी आता रिकामी आहे, हे फक्त मला माहीत होतं.

तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि तुमचं 'नाही' येईपर्यंत गुरुवार उलटून गेला असता.

मी आत गेले. मम्मीचे हात पिठाचे होते, तिने ते पुसले. गॅस बंद केला. उभ्यानेच वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, 'सांगू नकोस' तेही वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "कालची कढी," एवढंच म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.  मग डॅडींना शेडमधून बोलावून आणायला तिने मला पाठवलं, आणि भाभीला हाक मारली. मी परत आले तेव्हा पत्र भाभीच्या हातात होतं.

तुम्ही रागावलात तर तो राग माझा. तुमची लाज मी न विचारता वापरली, याचं मला वाईट वाटतंय, आणि तरीही उद्या मंगळवार परत आला तर मी हेच करेन. तुमचं पत्र मी फाडलं नाही. मंगळवारी दुपारी दोन वाजता, माझ्या हाताने, मम्मीच्या हातात दिलं.

तुमची,
जपनीत